जमीन, पाणी आणि मधला चिखल : मुलांना परिसंस्था समजावताना

मुलांसाठी विज्ञानविषयक लेखन करताना पारिभाषिक संज्ञा कशी उलगडावी, हे आपण या भागात ‘परिसंस्था’ या संज्ञेच्या आधारे पाहू.

१. व्याख्या आणि तिची मर्यादा

सजीव आणि त्यांच्या भोवतीचे निर्जीव घटक यांच्या परस्परसंबंधांतून उभी राहणारी व्यवस्था म्हणजे परिसंस्था. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ टान्सली यांनी १९३५ मध्ये ही संज्ञा प्रथम वापरली. परिसंस्थांचे भूपरिसंस्था आणि जलपरिसंस्था असे दोन मुख्य प्रकार मानतात. मुले हे प्रकार पाठ करतात. पण जंगल एका रकान्यात आणि तळे दुसऱ्या रकान्यात लिहिल्याने व्याख्येचा गाभा, म्हणजे परस्परसंबंध, निसटतो. म्हणून जिथे जमीन आणि पाणी भेटतात तिथूनच आरंभ करावा.

२. जूचंद्रचे उदाहरण

वसई तालुक्यातील जूचंद्र येथे चंडिकादेवीचा डोंगर आहे आणि परिसरात भातशेती, मिठागरे व खाडीलगतची खाजणे. खाजण ही जमीन की पाणी? हा प्रश्न मुलांना विचारून पाहा. भरतीला ते पाणी असते, ओहोटीला चिखल. या चिखलात हवा फारच कमी असते; म्हणून तिवराची श्वसनमुळे सळयांसारखी वर येतात. जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. गळलेली पाने कुजतात. त्यांवर खेकडे आणि कोळंबी पोसतात, त्यांवर मासे आणि माशांवर बगळे. निवटी तर मासा असूनही ओहोटीला चिखलावर उड्या मारते आणि ओल्या त्वचेतून श्वास घेते. ज्येष्ठांसोबत ओहोटीच्या वेळी काठावर उभे राहून एवढे पाहिले, तरी अन्नसाखळी वेगळी शिकवावी लागत नाही.

दुसरे उदाहरण वलगणीचे. पहिल्या मोठ्या पावसात गोड्या पाण्यातील मासे ओहोळातून भातखाचरांत चढतात आणि तिथे अंडी घालतात. म्हणजे शेत काही दिवस माशांचे पाळणाघर होते. अंडी घालण्यापूर्वीच सगळे मासे धरले, तर पुढील वर्षी काय होईल? उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.

३. शब्दांचे मोल

खाजण, तिवर, निवटी, वलगण, आगर हे शब्द केवळ नावे नाहीत. त्यांत पिढ्यांचे निरीक्षण साठले आहे. ‘आगरी’ हे समाजनामही आगर, म्हणजे मिठागर, या शब्दाशी जोडले जाते. खाजणात भराव पडला की भरतीच्या आणि पावसाच्या पाण्याला पसरायला जागा उरत नाही. त्यासोबत हे शब्दही मुलांच्या कानावरून जातात आणि ज्याला नाव उरले नाही, त्याचे जाणे लक्षातही येत नाही. म्हणून आधी घरातला शब्द आणि मग पारिभाषिक संज्ञा, हा क्रम लेखकाने पाळावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. खाजणाला केवळ भूपरिसंस्था किंवा केवळ जलपरिसंस्था का म्हणता येत नाही?
२. आपल्या परिसरातील जमीन-पाण्याशी निगडित पाच बोलीशब्द ज्येष्ठांकडून मिळवा. त्यांपैकी एक शब्द दहा वर्षांच्या मुलाला समजेल असा शंभर शब्दांत स्पष्ट करा.