मधला दिवस

अकोल्याच्या जुन्या कापड बाजारातील एका ओसवाल कुटुंबात यंदा सहलीचा आराखडा नातीने तयार केला. मुलगी कामात चोख. वहीच्या दोन पानांवर तिने सारे मांडले होते. शुक्रवारी रात्री अकोल्याहून गाडी, शनिवारी सकाळी दादर, सायंकाळी सहाचे विमान, मध्यरात्रीच्या सुमारास बँकॉक, तेथून ‘रात्रीची गाडी’ आणि रविवारी सकाळी चियांग माई. हॉटेलची एक रात्र वाचली म्हणून वडिलांनी तिचे कौतुक केले. मग वही आजींकडे गेली. आजींचे वय 71, चौविहाराचे व्रत कित्येक वर्षांचे, आणि प्रवासाचा अनुभव पालिताण्यापासून सम्मेदशिखरापर्यंतचा. त्यांनी एकच विचारले, “विमान उतरल्यावर ही गाडी सुटते किती वाजता?”

“रात्रीची आहे ना, आजी!”

“रात्र तर सातलाही होते, बेटा.”

चूक नेमकी तेथेच होती, आणि ती एकट्या त्या मुलीची नाही. ‘रात्रीची गाडी’ हा शब्दच फसवा आहे. रात्रभर धावून सकाळी पोचवणारी गाडी मुळात संध्याकाळी सुटावी लागते. वऱ्हाडी माणसाला हे गणित कोणी शिकवण्याची गरज नाही. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस सायंकाळी सातच्या आणि अमरावती एक्सप्रेस आठच्या सुमारास निघते, म्हणूनच त्या पहाटे आपल्या मुलखात येतात. सहारच्या विमानतळावर रात्री बाराला उतरलेला अमरावतीकर त्या रात्रीच्या गाडीची वाट पाहत नाही. तोवर तिने नाशिकही मागे टाकलेले असते. पण परदेशाचे वेळापत्रक समोर आले की घरचे हे शहाणपण आठवत नाही.

बँकॉकहून चियांग माईकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्यांपैकी 9 क्रमांकाची विशेष एक्सप्रेस सायंकाळी 6.40 च्या सुमारास, 13 क्रमांकाची आठनंतर आणि 51 क्रमांकाची साडेदहाच्या सुमारास निघते. वेळांत अधूनमधून फेरफार होतो. तिकीट काढताना त्या पुन्हा पाहाव्यात. साचा मात्र हाच राहतो. आता विमानाकडे पाहू. मुंबईहून सायंकाळी सहाला उडालेले विमान साधारण सव्वाचार तासांनी उतरते, तेव्हा आपल्या मनगटावर सव्वादहा वाजलेले असतात. पण थायलंडचे घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे तेथे पावणेबारा. पारपत्र तपासणी आणि सामान होईपर्यंत एक वाजतो. शेवटची गाडी केव्हाच गेलेली असते. पुढची रविवारी सायंकाळी. मध्ये सतरा-अठरा तासांचा एक अख्खा दिवस उभा राहतो.

हा दिवस टाळता येत नाही. आराखड्यात त्याला जागा दिली नाही, तर तो विमानतळावरच्या खुर्चीत जातो. तरुण मुलांना त्याचे काही वाटत नाही. आजींच्या दृष्टीने मात्र हिशेब असा होतो: पहिली रात्र अकोला-दादर गाडीत, दुसरी खुर्चीवर, तिसरी पुन्हा गाडीत. सलग तीन रात्री अंथरुणाविना, आणि त्यात चौविहार. शनिवारी मुंबईत सूर्यास्तापूर्वी जे अन्नपाणी होईल, त्यानंतर थेट रविवारची नवकारशी. पूर्वेकडे जाताना ती रात्र पावणेदोन तासांच्या आसपास आखूड होते, एवढाच काय तो दिलासा. तरीही विमानातील कोरडी हवा आणि पाण्याचा घोट नाही, ही गोष्ट सत्तरीच्या शरीराला हलकी नसते. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी आणि आपल्या महाराजसाहेबांशी निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे. विमानात बसल्यावर उपाय शोधण्यात अर्थ नाही. विमान कंपन्यांकडे जैन भोजन मिळते. तिकिटाच्या भाषेत त्याला ‘व्हीजेएमएल’ म्हणतात आणि ते निदान एक दिवस आधी नोंदवावे लागते. परंतु संध्याकाळच्या विमानात ते सूर्यास्तानंतर समोर येते. चौविहार करणाऱ्याला ते परतीच्या दिवसाच्या विमानातच उपयोगी पडते.

म्हणून पहिला खर्च करायचा तो अंथरुणावर. मध्यरात्री उतरणाऱ्याने शहराच्या मध्यभागातील हॉटेलाचा मोह सोडून विमानतळाजवळचे, नेण्या-आणण्याची सोय असलेले हॉटेल घ्यावे, आणि खोली सकाळी अकराऐवजी दुपारी उशिरा सोडण्याची मुभा नोंदणीच्या वेळीच विकत घ्यावी. तारखेचा घोळ इथे हमखास होतो. विमान शनिवारी रात्री 11.45 ला उतरो की रविवारी पहाटे 12.30 ला, खोली शनिवारच्या रात्रीचीच घ्यावी लागते. रविवारच्या तारखेने घेतली तर दुपारी दोनपर्यंत ताबा मिळत नाही. जमा-नावे नोंदीत तारीख किती जपावी लागते हे व्यापाऱ्याला ठाऊक असते. तीच शिस्त इथे हवी. थायलंडमध्ये बुद्ध संवत चालतो. इसवी सनात 543 मिळवले की तो येतो, त्यामुळे कागदावर 2026 ऐवजी 2569 दिसला तर दचकू नये. वीर निर्वाण संवताची सवय असलेल्या घरांना हा आकडा परका वाटणार नाही. दोहोंत सोळा-सतरा वर्षांचेच अंतर.

बँकॉकला दोन विमानतळ आहेत, आणि आपले विमान कोणत्या ठिकाणी उतरते हे तिकिटावर पाहिल्याशिवाय पुढचे काहीच ठरवू नये. सुवर्णभूमी हा 2006 साली सुरू झालेला मोठा विमानतळ. हे नाव जैन वाचकाला नवे नाही. आर्य कालकाचार्य सुवर्णभूमीस गेल्याची कथा आपल्या परंपरेत आहे, आणि ‘वसुदेवहिंडी’तील चारुदत्त श्रेष्ठी व्यापारासाठी तिकडे गेला होता, त्याला गाडीचे वेळापत्रक पाहावे लागले नसेल. सुवर्णभूमीहून शहरात जाणारी रेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, म्हणून उशिरा उतरणाऱ्याने तिच्यावर भिस्त ठेवू नये. टॅक्सीसाठी तळमजल्यावर यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी; मीटरच्या आकड्यावर विमानतळाचे 50 बाट वेगळे, आणि उन्नत मार्गाचा पथकर प्रवाशाचा. बाहेर हात धरून ‘ठोक भावात नेतो’ म्हणणाऱ्यांकडे वळू नये. दुसरा विमानतळ डॉन मुएंग. स्वस्त सेवांची अनेक विमाने तेथे उतरतात. तेथून ‘रेड लाईन’ ही उपनगरी गाडी थेट मुख्य रेल्वेस्थानकावर जाते, आणि दिवसा उतरणाऱ्याला हा सर्वांत सोपा मार्ग.

स्थानकाच्या नावातही एक जुनी गफलत टिकून आहे. 1916 साली उघडलेले हुआ लाम्फोंग हे स्थानक शंभर वर्षे बँकॉकची ओळख होते, आणि जुन्या प्रवासपुस्तकांत तेच सापडते. 19 जानेवारी 2023 पासून लांब पल्ल्याच्या गाड्या बांग सू भागातील ‘क्रुंग थेप अफिवात’ या नव्या स्थानकातून सुटतात. टॅक्सीचालकाला सवयीने जुने नाव सांगितले तर माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचतो, आणि संध्याकाळच्या बँकॉकमध्ये तेथून परतणे म्हणजे गाडी गमावणेच. नव्या नावाचा थाई लिपीतील कागद खिशात असावा. स्थानक प्रचंड आहे. 26 फलाट आहेत, आणि गाडीची वेळ जवळ येईपर्यंत फलाटावर सोडत नाहीत. दीड तास आधी पोचावे.

आता जेवण. 6.40 ची गाडी पकडणाऱ्या चौविहारी माणसाचे शेवटचे अन्नपाणी गाडीत नव्हे, गाडीपूर्वी झाले पाहिजे. बँकॉकला नोव्हेंबरमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जून-जुलैतही सातच्या आतच. म्हणजे हिवाळ्यात पाच वाजता ताट समोर हवे. ही एक गोष्ट ठरली की मधल्या दिवसाचा सारा क्रम आपोआप लागतो: सकाळी नवकारशी, दुपारपर्यंत विश्रांती, मग पोटभर जेवण, आणि साडेपाचच्या आत स्थानक. देवळे, बाजार, नदीची सैर हे सर्व परतीच्या मुक्कामासाठी ठेवावे. लोक नेमके उलटे करतात. दिवसभर शहर पालथे घालतात आणि संध्याकाळी वाहतुकीत अडकून गाडी व जेवण दोन्ही घालवतात.

बाहेर खावेच लागले तर दोन थाई शब्द उपयोगी आहेत. ‘मंगसविरत’ म्हणजे शाकाहार. शब्द आपलाच, मांस आणि विरती. पण त्यात अंडे चालते, आणि माशांपासून केलेले ‘नाम प्ला’ हे द्रव्य स्वयंपाकी सवयीने शिंपडतो. दुसरा शब्द ‘जे’. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. ‘जे’ अन्नात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो. परदेशात कांदा-लसणाविना अन्न रस्त्यावर मिळावे, हे विशेषच. मात्र बटाटा, गाजर, मुळा त्यात चालतात, त्यामुळे कंदमूळ वर्ज्य करणाऱ्यांनी विचारूनच घ्यावे. रत्नांच्या व्यापारामुळे सिलोम भागात भारतीय व्यापाऱ्यांची वर्दळ जुनी आहे. शुद्ध शाकाहारी ठिकाणे तेथे शोधावीत, पण मधल्या दिवशी तेवढ्यासाठी विमानतळापासून सिलोमपर्यंत धावू नये. घरचे खाकरे, थेपले, भाजलेले मूग आणि दशमी यांचा डबा दोन दिवस पुरतो. ताजी फळे मात्र सोबत नेऊ नयेत.

गाडी आपल्यापेक्षा अरुंद वाटेल, कारण ती मीटरगेजवर धावते. अकोल्याहून पूर्णेकडे आणि खंडव्याकडे जाणारी जुनी मीटरगेज ज्यांनी पाहिली, त्यांना ती रुंदी ओळखीची वाटेल. दुसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात शयिका मार्गिकेला समांतर असतात, आपल्या बाजूच्या बर्थसारख्या. खालची रुंद आणि थोडी महाग, वरची अरुंद आणि शिडीची. आजींसाठी खालचीच हवी, आणि ती हवी तर तिकीट लवकर काढावे. परिचारक स्वतः गादी घालून पांढरी चादर पसरतो, पडदा लावता येतो. दिवे मात्र रात्रभर जळतात आणि थंडी बोचते. शाल हाताशी असू द्यावी. काही गाड्यांत केवळ स्त्रिया व मुलांसाठी वेगळा डबा असतो. गाडीत मद्यपानास 2014 पासून बंदी आहे. पहाटे डोंगर सुरू होतात आणि 1,352 मीटर लांबीचा खुन तान बोगदा ओलांडून गाडी चियांग माईच्या खोऱ्यात उतरते. 751 किलोमीटरचा हा प्रवास सकाळी सातनंतर संपतो. जानेवारीत तेव्हा नुकतेच उजाडलेले असते आणि नवकारशीला अवकाश असतो.

हिशेबाचे बोलायचे तर ‘हॉटेलची एक रात्र वाचली’ हे वाक्य खोडून टाकावे. वाचलेली रात्र मधल्या दिवसाच्या खोलीत खर्च होते. बचतच हवी असेल तर चियांग माईला सव्वा तासाचे विमान कधी कधी स्वस्तही पडते. रात्रीची गाडी निवडायची ती डोंगरातली सकाळ पाहण्यासाठी, आणि मग तिची किंमत मोकळ्या मनाने मोजावी. दुसरी बाब अशी की विमान आणि गाडी ही दोन स्वतंत्र तिकिटे आहेत. विमानाला उशीर झाला तर विमान कंपनी गाडीचे पैसे देत नाही आणि रेल्वे थांबत नाही. दुपारी उतरणारे विमान घेऊन त्याच संध्याकाळी गाडी पकडण्याचा विचार असेल, तर मध्ये निदान सहा तास असावेत. ते सहा तास वाया गेले असे मानू नये. विम्याचा हप्ता भरून वर्षभरात आग लागली नाही म्हणून कोणता दुकानदार हळहळतो?

थायलंडचे डिजिटल आगमनपत्र 1 मे 2025 पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला भरावे लागते. ते पोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरायचे असून निःशुल्क आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे निघाली आहेत, ती टाळावीत.

परतीलाही हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. बँकॉकहून निघून मध्यरात्री मुंबईत उतरणाऱ्याला विदर्भ एक्सप्रेस मिळत नाही. त्याला सकाळी सहाची गीतांजली आहे, ती दुपारनंतर अकोला आणि पुढे बडनेऱ्याला आणते. अमरावतीकरांसाठी 16 एप्रिल 2025 पासून बेलोऱ्याच्या विमानतळावर मुंबईचे विमानही आले. परंतु ते रोज नसते, म्हणून त्याचा वार पाहूनच बँकॉकचे परतीचे तिकीट काढावे.

अकोल्याच्या त्या घरात वही पुन्हा लिहिली गेली. शनिवारची रात्र विमानतळाजवळच्या खोलीत, खोली सोडायची रविवारी दुपारी तीनला, जेवण साडेचारला, स्थानक पाचला. आजींच्या नावापुढे नातीने ‘खालची शयिका’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. आजींनी चष्मा लावून पान वाचले आणि डब्यात किती दशम्या लागतील ते विचारले.