ब्रेकवर चालणारी गाडी

ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात इम्स्ट नावाचं एक गाव आहे. तिथल्या डोंगरावरून पोलादी नळ्यांचा एक रूळ वळणं घेत साडेतीन किलोमीटर खाली उतरतो. वरचं टोक आणि खालचं टोक यांच्या उंचीत सुमारे ५०० मीटरचा फरक. रुळावर एक-दोन माणसं कशीबशी मावतील एवढी स्लेज. तिला इंजिन नाही, मोटर नाही. पाय पुढे पसरून बसायचं, पट्टा आवळायचा आणि दोन्ही बाजूंचे दांडे पुढे ढकलायचे, की गाडी सुटली. दांडे मागे ओढले की ब्रेक. हा अल्पाइन कोस्टर. आल्प्समधल्या बऱ्याच गावांत तो आता दिसतो, आणि काप्रुनसारख्या ठिकाणी तर भर बर्फातही चालतो. नाताळच्या सुट्टीत स्कीइंग न येणाऱ्या कुटुंबांना हा मोठाच आधार. म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनाही तो चांगलाच ठाऊक असतो.

आता शाळेत शिकलेलं सूत्र काढू या. घर्षण नाही, हवा नाही असं धरलं, तर ५०० मीटर उंचीवरून निघालेली गाडी पायथ्याशी सेकंदाला ९९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३५६ किलोमीटर वेगाने पोहोचेल. प्रत्यक्षात कोस्टरचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास रोखलेला असतो. एवढा वेग यायला किती उतरावं लागतं? अवघे सव्वासहा मीटर! पहिल्या शे-पन्नास पावलांतच हवा तेवढा वेग हाती येतो. पुढचा सगळा डोंगर मिळालेला वेग घालवण्यात जातो. कोस्टर वेगासाठी प्रसिद्ध असला, तरी त्याच्या अभियंत्यांची खरी कसरत वेग फेकून देण्याची आहे.

हा उतार किरकोळ नाही. मुंबई-पुणे लोहमार्गावरच्या बोर घाटात ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर उतार लागतो, आणि तेवढ्यासाठीही घाट उतरण्याआधी गाड्या थांबवून ब्रेक तपासतात. इम्स्टच्या रुळावर सरासरी दर ७ मीटरला १ मीटर उतार आहे.

माणूस आणि स्लेज मिळून वजन १०० किलो धरलं, तर ५०० मीटर उतरताना सुमारे ४९० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. ताशी ४० च्या वेगात त्यातली जेमतेम ६ किलोज्यूल साठते. बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते, आणि ती एवढी असते, की लिटरभर बर्फगार पाण्याला उकळी आणूनही थोडी उरेल. सगळी उष्णता ब्रेकमध्येच जाते असं मात्र नाही. काही हवा ढकलण्यात जाते, काही चाकांच्या घर्षणात. ढोबळ हिशेब केला, तर अशा उतारावर ब्रेक न लावताही हवेच्या विरोधामुळे वेग ताशी ७० च्या पलीकडे फारसा जाऊ नये. पण वळणदार रुळावर ७० म्हणजे गाठ हाडांशी. त्यामुळे निम्म्याहून अधिक भार ब्रेकलाच पेलावा लागतो.

यातला एक ब्रेक आपल्या हातात असतो, दुसरा नसतो. हा दुसरा जास्त मजेदार. स्लेजखाली चाकांबरोबर फिरणाऱ्या भागात छोटी वजनं बसवलेली असतात. फिरण्याचा वेग वाढला, की ती बाहेरच्या बाजूला सरकतात आणि त्यांच्याबरोबरचे ब्रेकचे गुटके ड्रमवर घासू लागतात. वेग आणखी वाढला, तर दाब आणखी वाढतो. वेग उतरला की पकड आपोआप सैल. याला अपकेंद्री ब्रेक म्हणतात. यात ना संगणक, ना सेन्सर. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाचा वेग आवरायला फिरते गोळे वापरले, त्यामागचं तत्त्व हेच. म्हणूनच दांडे पार पुढे ढकलून बसलेला पंधरा वर्षांचा उत्साही मुलगाही ठरलेल्या वेगाच्या फार पुढे जात नाही. मला या खेळातली सर्वांत हुशार गोष्ट हीच वाटते. बसणाऱ्याला मोकळीक दिल्यासारखं वाटतं, पण त्या मोकळिकीची कमाल मर्यादा चाकाखाली आधीच ठरलेली असते.

काही स्लेजना चुंबकी ब्रेकही असतात. चुंबकाजवळून धातू सरकला, की धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह तयार होतात आणि ते त्या हालचालीलाच विरोध करतात. फ्रेंच शास्त्रज्ञ फुको यांनी १८५५ मध्ये हे दाखवून दिलं होतं. या ब्रेकमध्ये काहीच घासत नाही, त्यामुळे काही झिजत नाही, आणि रूळ ओला आहे की कोरडा याच्याशीही त्याला देणंघेणं नसतं. दोष एकच. वेग घटला की जोरही घटतो, म्हणून नुसत्या चुंबकावर गाडी पूर्ण थांबत नाही. तिथे शेवटी जुनं घर्षणच लागतं.

बर्फाशी या खेळाचं नातं जुनं आहे. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास लाकडी सांगाड्यांवर पाणी ओतून बर्फाच्या उंच घसरगुंड्या बांधत. ती हौस फ्रान्सला पोहोचली, पण पॅरिसला तसा भरवशाचा बर्फ कुठला! म्हणून गाड्यांना चाकं आली आणि १८१७ मध्ये बेलव्हिलच्या टेकडीवर चाकं खाचेत अडकवलेल्या गाड्या धावू लागल्या. गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून रुळाखालूनही चाकं लावण्याचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने १९१९ मध्ये मिळवलं. अल्पाइन कोस्टरची स्लेजही अशीच रुळाला वरून-खालून धरून असते. त्याआधीच्या उन्हाळी स्लेज पोलादी पन्हळीतून घसरत. पन्हळ पावसात निसरडी होई आणि हिवाळ्यात बर्फाने भरून जाई. जमिनीपासून उंच उचललेल्या दोन नळ्यांवर मात्र बर्फ साचायला जागाच कमी, आणि पडलाच तर तो मधल्या फटीतून खाली जातो. बर्फाला पर्याय म्हणून आलेली चाकं अशी पुन्हा बर्फात परतली.

हिवाळ्याचा त्रास नळ्यांना वेगळ्या तऱ्हेने होतो. उणे २० ते अधिक ३० अंश एवढ्या फरकात साडेतीन किलोमीटर पोलाद दोन मीटरहून जास्त आखडतं किंवा पसरतं. एवढी लांबी सांध्यांत आणि वळणांत सामावून घ्यावी लागते.

वळणांवर तर गणित उघडंच दिसतं. साडेबारा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० चा वेग असेल, तर बाजूला ढकलल्यासारखा वाटणारा जोर आपल्या वजनाएवढा भरतो. रूळ ४५ अंशांत कलता ठेवला, की तो जोर आणि वजन मिळून आपल्याला सरळ बैठकीत दाबतात आणि अंग दीडपटीच्या जवळपास जड लागतं. वेग निम्मा केला, तर बाजूचा जोर पाव होतो. मागे बसलेली आई वळणाआधी दांडे जरासे ओढते तेव्हा ती हेच गणित वापरत असते, आणि पुढे बसलेलं पोर मात्र “आई, सोड ना ब्रेक!” म्हणून ओरडत असतं. पोटात ढवळायचं असेल, तर तेही बहुधा पोराच्याच. गाडी ज्याच्या हातात असते त्याला शेजारच्या प्रवाशापेक्षा कमी मळमळतं, कारण पुढची हालचाल त्याच्या मेंदूला आधीच कळलेली असते.

ताशी ४० हा स्कूटरचा नेहमीचा वेग. मग इथे एवढा थरार कशाचा? डोळा रुळापासून मीटरभरही उंच नसतो, समोर काच नसते आणि झाडांचे बुंधे हाताच्या अंतरावरून जातात. जवळची वस्तू डोळ्यासमोरून जितक्या झपाट्याने सरकते, तितका आपला वेग जास्त, असा मेंदूचा अंदाज असतो. विमानात ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाताना डुलकी लागते, ती याच अंदाजाच्या दुसऱ्या टोकामुळे.

वजनाचं काय? गॅलिलिओचं ऐकलं, तर जड आणि हलकं सारख्याच वेगाने उतरायला हवं. हवेमुळे ते बिनसतं. बाबा आणि मुलगी एका स्लेजमध्ये बसले, की वजन बरंच वाढतं, पण हवेला अडणारा आकार तेवढा वाढत नाही. त्यामुळे अपकेंद्री ब्रेक मध्ये पडेपर्यंत ही जोडी एकट्या सडपातळ भावाला गाठू लागते. दोन स्लेजमध्ये २५ मीटर अंतर ठेवा अशा पाट्या असतात, त्या यासाठीच. समजा भाऊ पुढे फोटो काढायला थांबला. मागच्याने ते पाहून दांडे ओढेपर्यंत एक सेकंद जातो आणि त्यात ११ मीटर संपतात. उरलेल्या १४ मीटरमध्ये गाडी थांबवायला ब्रेक करकचून ओढावे लागतात, आणि रूळ ओला असला तर तेवढं अंतरही अपुरं पडू शकतं.

हे दांडे ओढायचे हातानेच, म्हणून हातमोज्यांची गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या संशोधकांनी अंटार्क्टिकात पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या नळ्या वाऱ्यात टांगून त्यातलं पाणी गोठायला किती वेळ लागतो हे मोजलं. वाऱ्याच्या गारठ्याचा हिशेब तिथून सुरू झाला. आजच्या सूत्राने उणे ५ अंशांच्या स्थिर हवेत ताशी ४० च्या वेगाने जाताना उघड्या त्वचेला उणे १४ अंशांसारखा गारठा जाणवतो. उतार पाचेक मिनिटांचाच, पण सगळ्यांत आधी बधिर होतात ती बोटं, आणि ब्रेकचे दांडे त्याच बोटांत असतात. लोकरीचे मोजे ओल्या दांड्यावर सरकतात. तळव्याला रबर किंवा चामडं असलेले घ्यावेत. आणि मफलर नको, मोकळं टोक चाकात जाऊ शकतं, कानटोपी बरी.