'डाउन्टन ॲबी' : दिवाणखाना आणि मुदपाकखाना

एप्रिल १९१२. टायटॅनिक बुडाल्याची बातमी यॉर्कशायरमधल्या एका वाड्यावर येऊन थडकते आणि 'डाउन्टन ॲबी' ही मालिका सुरू होते. बोटीबरोबर घराण्याचे दोन वारस गेलेले असतात. लॉर्ड ग्रँथमना तीन मुली, पण इस्टेट पुरुष वारसाकडेच जायची. त्यामुळे मँचेस्टरमध्ये वकिली करणारा दूरचा नातलग मॅथ्यू अचानक वारस ठरतो. लेडी ग्रँथमने अमेरिकेतल्या माहेराहून आणलेला पैसाही याच इस्टेटीत अडकलेला असतो.

ज्युलियन फेलोज यांनी लिहिलेली ही मालिका ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर २०१० ते २०१५ या काळात दाखवली गेली. लॉर्ड ग्रँथम यांचे क्रॉली घराणे काल्पनिक असले, तरी असे वाडे सुनेच्या माहेरच्या पैशावर तगत, हे खरे आहे. मालिकेचे चित्रीकरण ज्या हायक्लेअर कॅसलमध्ये झाले, तिथल्या पाचव्या अर्लने १८९५ मध्ये लग्न केले ते रॉथशिल्ड या बँकर घराण्याचा पैसा घेऊन आलेल्या ॲल्मिनाशी. तळघरातले स्वयंपाकघर मात्र लंडनच्या ईलिंग स्टुडिओत उभारले होते. त्यामुळे गडी ताट घेऊन निघतो लंडनमधून आणि पंगतीत पोचतो हॅम्पशायरमध्ये. पाहणाऱ्याला सांधा कुठेच दिसत नाही.

मालिकेचा खरा जीव आहे तो कामाच्या तपशिलात. पहिल्याच भागात घर झोपलेले असताना डेझी ही पोरसवदा मोलकरीण खोल्याखोल्यांतून शेगड्या पेटवत फिरते. खाली वर्तमानपत्रांवर इस्त्री फिरते, कारण ओल्या शाईने मालकांचे हात काळे व्हायला नकोत. बटलर कार्सन, कारभारीण मिसेस ह्यूज, स्वयंपाकीण मिसेस पॅटमोर यांची आपापली हद्द ठरलेली आहे, आणि तिच्यासाठी ती माणसे भांडतात. १९११ च्या सुमारास इंग्लंडमधल्या नोकरदार स्त्रियांमध्ये सर्वाधिक संख्या घरकाम करणाऱ्यांची होती, हे लक्षात घेतले की या बारकाव्यांचे मोल कळते.

मालक मात्र फार गोड रंगवले आहेत. मिसेस पॅटमोरची दृष्टी अधू होते, पक्वान्नात साखरेऐवजी मीठ पडते; लॉर्ड ग्रँथम तिला काढून न टाकता शस्त्रक्रियेसाठी लंडनला पाठवतात. असा एखादा मालक असेलही. पण इथे संकटात सापडलेल्या जवळपास प्रत्येक नोकराला वरून मदतीचा हात मिळतो, आणि नोकराचे नशीब मालकाच्या मर्जीवर टांगलेले होते ही गोष्ट झाकली जाते. स्वतः स्वयंपाकघरात राबलेल्या मार्गारेट पॉवेल यांनी १९६८ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यांतला कडवटपणा डाउन्टनच्या तळघरात क्वचितच उतरतो.

तरीही दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. थोरली मुलगी लेडी मेरी हिच्या पलंगावर एक तुर्की पाहुणा मरण पावतो. तिची आई आणि ॲना ही मोलकरीण रातोरात तो मृतदेह त्याच्या खोलीत नेऊन ठेवतात. कुजबुज होते, पण मेरीचे घर आणि मान शाबूत राहतात. पुढे महायुद्धात वाड्याचे शुश्रूषागृह होते, तेव्हा एथेल ही मोलकरीण एका लष्करी अधिकाऱ्याबरोबर सापडते. तिला तत्काळ काढून टाकले जाते आणि पदरी मूल घेऊन ती देहविक्रयापर्यंत पोचते. अधिकाऱ्यावर मात्र कसलीही कारवाई होत नाही. मालिकेने केलेले वर्गव्यवस्थेचे सर्वांत धारदार चित्रण हेच. लेखकाने हे दोन धागे समोरासमोर आणायला हवे होते.

युद्धानंतरची पडझड अधिक प्रामाणिकपणे येते. मोलकरीण ग्वेन युद्धाच्या तोंडावरच टंकलेखन शिकून वाडा सोडते; पुढे आयरिश शोफर ब्रॅन्सन धाकट्या मुलीशी लग्न करतो, गडी मोल्सली शाळेत शिकवू लागतो. नातलग लॉर्ड फ्लिंटशायर यांच्या हातून स्कॉटलंडमधली इस्टेट निसटते आणि ते सरकारी नेमणुकीवर मुंबईला येतात. डाउन्टनमध्येही नोकरांची संख्या घटत जाते.

मालिकेवरून निघालेल्या २०१९ च्या चित्रपटात राजा पंचम जॉर्ज १९२७ मध्ये वाड्यावर येतो आणि राजवाड्याचे सेवक डाउन्टनच्या नोकरांना बाजूला सारतात. नोकर कट करतात, राजाच्या माणसांना खोलीत कोंडतात, एकाला झोपेचे औषध देतात. हे सारे बंड होते ते राजाला आपल्या हातांनी वाढता यावे म्हणून. पगार, सुट्टी किंवा कामाचे तास यांबद्दल त्यात चकार शब्द नाही.