रस्त्यावरचा पेहराव, भाग ७ : शिक्का पॅडचा की पँटचा?

या आठवड्यात पावसाळी अस्तरावर लिहिणार होतो. ते पुढच्या वेळी. जूनला अजून अवकाश आहे, आणि साताऱ्याहून एका वाचक भगिनींचं पत्र आलंय, ते बाजूला ठेवणं काही जमेना. त्या कामासाठी नेहमी मोटरसायकलवरून पुण्याला येतात. डेनियरवरचा मागचा भाग वाचून त्यांनी आपली रायडिंग पँट उलटी करून पाहिली. विकताना दुकानदार म्हणाला होता, ‘सीई सर्टिफाइड आहे, ताई.’ पण पँटच्या आत सीई हे शब्द कुठंच सापडेनात. मग गुडघ्याच्या खिशातून आर्मर बाहेर काढला, तर त्या पॅडवर मात्र ती अक्षरं ठसठशीत उमटलेली. त्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे: हा शिक्का कुणाचा, पॅडचा की पँटचा?

पॅडचा, आणि फक्त पॅडचा. आपल्याकडे रायडिंग पँट घेताना यापेक्षा महत्त्वाची दुसरी कुठली गोष्ट समजून घ्यायची असेल असं मला वाटत नाही, म्हणून आजचा सगळा भाग त्यालाच देतो.

पॅडची परीक्षा ईएन १६२१-१ या युरोपीय मानकानुसार होते. पाच किलोचं वजन एक मीटर उंचीवरून पॅडवर सोडतात. हा दणका ५० जूलचा. पॅडखाली ऐरण असते, आणि तिच्यापर्यंत किती बल पोचलं ते मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिली तर पॅड लेव्हल १, २० च्या आत राहिली तर लेव्हल २. म्हणजे लेव्हल २ चा पॅड गुडघ्यापर्यंत बराच कमी मार पोचू देतो, आणि आजकाल तो जाडीलाही फारसा जास्त नसतो. पॅडवर छोटी अक्षरं असतात, तीही वाचा. ‘के’ म्हणजे गुडघा, ‘एच’ म्हणजे कंबरेखालचा खुबा, ‘के+एल’ म्हणजे गुडघा आणि खालची नडगी. ‘ए’ आणि ‘बी’ हे पॅडच्या आकाराचे प्रकार आहेत. ‘ए’ लहान, ‘बी’ मोठा. उंच माणसाच्या पँटमध्ये ‘ए’ प्रकारचा पॅड असेल तर गुडघ्याच्या कडा उघड्या राहतात.

आणखी एक खूण आहे, तिच्याकडे आपण महाराष्ट्रातल्यांनी मुद्दाम लक्ष द्यावं: ‘टी+’. हा पॅड ४० अंश सेल्सिअसला तापवून तपासलाय असा त्याचा अर्थ. ही चाचणी ऐच्छिक आहे. हल्लीचे बहुतेक मऊ पॅड हळू दाबले तर वाकतात आणि अचानक आदळले तर घट्ट होतात, पण उष्णतेनं हे रसायन ढिलं पडतं. मे महिन्यात अकोला किंवा चंद्रपूरकडे दुपारी गाडी चालवणाऱ्याच्या गुडघ्यावरचा पॅड चाळिशीच्या खाली क्वचितच असतो. तिथल्या वाचकांनी ‘टी+’ बघूनच पॅड घ्यावा.

आता मुख्य मुद्दा. या सगळ्या परीक्षेत पॅड रस्त्यावर घासला जातच नाही. त्याच्याभोवतीचं कापड, शिवणी, चेन, बसण्याचा भाग यांना कुणी हातही लावत नाही. उत्तम पॅड घातलेली कच्च्या कापडाची पँट म्हणजे पुठ्ठ्याच्या दाराला लावलेलं भारी कुलूप. पडल्यावर कापड फाटलं की पॅड जागेवरून सरकतो, आणि ज्या गुडघ्यासाठी तो होता तोच उघडा पडतो.

रस्ता किती वेळ घासतो याचं साधं गणित करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. कपडे आणि डांबर यांच्यातला घर्षणांक ०.६ धरला, तर माणूस साधारण २४ मीटर घसरत जातो आणि थांबायला जवळपास तीन सेकंद लागतात. ताशी ८० ला हेच अंतर ४२ मीटरच्या आसपास जातं, कारण वेग वाढतो तसं अंतर वर्गाच्या पटीत वाढतं. माणूस अंग पालटत जातो, त्यामुळे हे तीन सेकंद एकाच जागेच्या वाट्याला येत नाहीत. तरीही साधी सुती जीन्स घर्षणाच्या यंत्रावर एका सेकंदाच्या आत आरपार जाते. पत्रलेखिका साताऱ्याहून येतात, म्हणजे खंबाटकीचा बोगदा त्यांच्या वाटेवर आहे. बोगद्यातून बाहेर पडल्यावरच्या नागमोडी उतारावर साठ-सत्तरचा वेग सहज असतो.

म्हणून पँटची परीक्षा वेगळी असते. तिचं मानक ईएन १७०९२, सध्याच्या रूपात २०२० पासूनचं. त्यात कापडाचे नमुने डार्मस्टाट नावाच्या यंत्राच्या फिरत्या डोक्याला बांधतात, ठरलेल्या वेगापर्यंत फिरवतात आणि मग एकदम काँक्रीटवर सोडतात. यंत्र घासत घासत थांबतं. नमुन्याला आरपार भोक पडलं तर नापास. शिवणीची ताकद आणि कापड फाटायला लागणारा जोर यांच्याही चाचण्या होतात.

याचे पाच वर्ग आहेत: एएए, एए, ए, बी आणि सी. पँटचे भाग जोखमीप्रमाणे पट्ट्यांत वाटलेले असतात. गुडघा आणि खुब्याची बाहेरची बाजू सगळ्यात कडक पट्ट्यात, मांडीची आतली बाजू सगळ्यात सौम्य. कडक पट्ट्यासाठी यंत्राचा वेग एएए ला ताशी सुमारे १२०, एए ला ७० आणि ए ला ४५ किलोमीटरइतका भरतो. हे आकडे ‘या वेगापर्यंत सुरक्षित’ असं सांगत नाहीत. प्रयोगशाळेतल्या सपाट काँक्रीटवरचे ते आकडे आहेत; घाटात खडी असते, कठड्याचे दगड असतात, समोरून ट्रक येतो. पण एका पँटची दुसरीशी तुलना करायला यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही. बी वर्ग म्हणजे घासण्यात ए इतकाच, पण आर्मर नसलेला. सी वर्ग म्हणजे आर्मर जागेवर धरून ठेवणारी जाळीदार आतली विजार. तिच्यावर दुसरं कापड हवंच.

लेबल ओळखायचं कसं? आतल्या बाजूला, बहुधा कंबरेपाशी शिवलेला कापडी तुकडा बघा. त्यावर सीई, मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र, त्याखाली वर्गाची अक्षरं आणि मानकाचा क्रमांक असतो. क्रमांकाचा शेवटचा आकडाच वर्ग सांगतो: १७०९२-२ म्हणजे एएए, -३ म्हणजे एए, -४ म्हणजे ए, -५ म्हणजे बी, -६ म्हणजे सी. अक्षरं पुसट झाली असली तरी हा आकडा वाचता आला की काम भागतं. हा तुकडा नसेल आणि १६२१ हा आकडा फक्त पॅडवर असेल, तर पँट म्हणून तिची परीक्षा झालेली नाही असंच समजायचं.

युरोपात संरक्षक साधनांचा २०१६/४२५ हा नियम २१ एप्रिल २०१८ पासून लागू आहे, त्यामुळे तिथं हा तुकडा टाळता येत नाही. आपल्याकडे हेल्मेटवर आयएस ४१५१ चा आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, पँटला तशी सक्ती नाही. म्हणून दुकानदार पॅडकडे बोट दाखवून मोकळा होतो, आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाही फरक माहीत नसतो. त्याच्यावर रागवू नका. शांतपणे विचारा, ‘आर्मरचं नाही, पँटचं सर्टिफिकेट कुठल्या वर्गाचं आहे?’ भारतीय कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत खूप चांगलं काम केलंय, आणि आपल्याच उकाड्यासाठी बेतलेल्या पँटी इथं शिवल्या जातात याचा मला मनापासून आनंद आहे. चार गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला की पाचव्यासाठी दुकानदार उत्तर तयार ठेवतो.

पँटनं खरंच फरक पडतो का, असं काही जण अजून विचारतात. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरात अपघातात सापडलेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा अभ्यास झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रायडिंग पँट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची जोखीम, न घातलेल्यांच्या तुलनेत जवळपास निम्मी आढळली. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो: अपघातात तपासलेल्या रायडिंग पँटींपैकी चारातल्या एकीहून अधिक पँटींचं कापड निकामी झालं होतं. रायडिंग पँट म्हणून विकल्या गेलेल्याच त्या पँटी. पुढे २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं मिळून मोटोकॅप हा उपक्रम सुरू केला. त्यात कपडे दुकानातून विकत आणून तपासतात आणि संरक्षणाचे तारे वेगळे, उकाड्यात घाम बाहेर पडण्याचे तारे वेगळे देतात. ही दुसरी मोजणी आपल्यासाठी फार मोलाची आहे, कारण उकडतं म्हणून घरी राहिलेली पँट कुणालाच वाचवत नाही.

त्यामुळे माझा कौल स्पष्ट सांगतो. महामार्गावर नियमित जाणाऱ्यानं एए च्या खाली उतरू नये. फक्त शहरात, तीस-चाळीसच्या वेगानं ऑफिसला जाणाऱ्याला उन्हाळ्यात ए वर्गाची हवेशीर पँट चालेल, आणि ती रोज घातली जाणार असेल तर कपाटातल्या एएए पेक्षा कितीतरी चांगली. एएए बहुधा चामड्याची किंवा जाडजूड असते. दूरच्या प्रवासाला, थंडीत, वेगाची गाडी असणाऱ्याला ती घ्यावी. मराठवाड्यातल्या वाचकांना मी ती बारमाही वापरायला सांगणार नाही.

खुब्याच्या पॅडबद्दल आग्रहानं सांगतो. मोटरसायकल आडवी झाली की माणूस बहुतेक वेळा बाजूवर आपटतो. एएए आणि एए वर्गांत खुब्याचे पॅड अनिवार्य आहेत, पण ए मध्ये ऐच्छिक. म्हणून ए चं खरं लेबल असलेल्या पँटमध्येसुद्धा तिथं रिकामा खिसा सापडतो, किंवा चप्पलच्या तळव्यासारखा दिसणारा नुसता फोमचा तुकडा. खिशात हात घाला, तो तुकडा काढा, त्यावर १६२१-१ आणि ‘एच’ आहे का बघा. नसेल तर लेव्हल १ किंवा २ चे पॅड वेगळे विकत मिळतात. पँट नवी घेण्यापेक्षा हा खर्च बराच कमी आहे, आणि जुन्या पँटवालेही तो करू शकतात.

लेबल नसलेली पँट आधीच घेतलेल्यांनी ती टाकून देऊ नये. साध्या जीन्सपेक्षा ती नक्कीच बरी. बसण्याचा भाग आणि मांडीची बाहेरची बाजू बोटांत धरून पाहा. तिथं जाळी असेल तर ती पँट महामार्गावर नेऊ नका. जाळी मांडीच्या पुढच्या आणि आतल्या भागात शोभते. मुख्य शिवणीवर एकच शिलाईची रांग असेल तर चांगल्या कारागिराकडून दुसरी रांग घालून घ्या, मात्र नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या जाड दोऱ्यानंच.

आणि पँट उभ्यानं मापू नका. दुकानात परवानगी घेऊन बाहेर आपल्या गाडीवर बसा, पाय फुटपेगवर ठेवा. बसल्यावर पँट वर ओढली जाते आणि पॅड गुडघ्यावरून मांडीकडे सरकतो. तो वाटीवर बसून नडगीच्या वरच्या भागापर्यंत यायला हवा, आणि हातानं डावी-उजवीकडे ढकलला तर फिरायला नको. चांगल्या पँटमध्ये पॅडचा खिसा वर-खाली सरकवता येतो. स्त्रियांसाठीच्या पँटी हल्ली निघतात, पण काहींत पुरुषी बेत नुसता आखूड केलेला असतो आणि गुडघा भलत्याच उंचीवर येतो. साताऱ्याच्या ताईंनी हे जरूर तपासावं. आपली पँट त्यांनी शहरात वापरावी, आणि पुण्याच्या वाटेसाठी १७०९२-३ चं लेबल असलेली दुसरी बघावी, असं माझं मत.

पावसाळी अस्तर पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर प्रत्येकानं आपापली पँट उलटी करून आतलं लेबल वाचावं आणि त्यावरचा आकडा मला कळवावा. लेबल नसेल तर तसंही कळवावं.