रिकाम्या भिंतींच्या घरातले सूर

१९३९ च्या ऑगस्टअखेरीस, युद्ध पुकारले जाण्याच्या आधीच, लंडनच्या नॅशनल गॅलरीने आपल्या भिंतींवरची चित्रे उतरवून घेतली. चित्रे वेल्समध्ये गेली आणि १९४१ साली मानोद येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत, डोंगराच्या पोटात बांधलेल्या खोल्यांमध्ये विसावली. व्हॅन डाइकने रंगवलेले पहिल्या चार्ल्स राजाचे घोड्यावरचे चित्र इतके अजस्र होते की वाटेतल्या रेल्वेपुलाखालून ते जाईना, म्हणून पुलाखालचा रस्ताच खणून खोल करण्यात आला. शहर होरपळण्याची भीती असताना एका चित्रासाठी रस्ता खणणे हा शुद्ध हट्ट वाटू शकतो. पण पुढच्या सहा वर्षांत त्या रिकाम्या इमारतीत जे घडले, ते पाहिले की संकटात माणसाला सौंदर्य कशासाठी लागते याचे उत्तर हाती येते. दुःख विसरायला म्हणून ते लागत नाही. दुःख उराशी असतानाही मनाला टेकायला जागा हवी असते, आणि ती सौंदर्याजवळ सापडते.

काळोखसक्तीमुळे रात्रीच्या मैफली बंद पडल्या होत्या. पियानोवादक मायरा हेस यांनी गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांच्यापुढे दुपारच्या मैफलींची कल्पना मांडली आणि १० ऑक्टोबर १९३९ रोजी पहिली मैफल झाली. तिकीट एक शिलिंग. कचेरीत काम करणाऱ्यालाही जेवणाच्या सुट्टीत येऊन जाता यावे, अशी वेळ. सोमवार ते शुक्रवार हा क्रम १० एप्रिल १९४६ पर्यंत चालला. एकूण १,६९८ मैफली झाल्या आणि श्रोत्यांचा आकडा ८,२४,१५२ वर गेला. बाँबवर्षाव वाढला तेव्हा वादक-श्रोते सगळेच तळघरात उतरले. १९४० च्या ऑक्टोबरात खुद्द गॅलरीवर बाँब पडला. तरी मैफली थांबल्या नाहीत. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तिथे काय वाजवले जात होते ती. बाख, बेथोव्हन, शूबर्ट, ब्राम्स. ज्या भाषेत शत्रूचे हुकूम सुटत होते, तीच या संगीतकारांची मातृभाषा. मायरा हेस स्वतः ज्यू घराण्यातल्या. त्यांनी आणि त्यांच्या श्रोत्यांनी बेथोव्हनला हिटलरच्या हवाली करायचे साफ नाकारले. नुसती करमणूक हवी असती, तर नाचाच्या हलक्याफुलक्या धून पुरेशा होत्या; लोक चौकडीचे अवघड तंतुवादन ऐकायला रांगा लावत होते.

चित्रांची कथा याहून बोलकी आहे. १९४२ च्या आरंभी ‘द टाइम्स’मध्ये एक पत्र छापून आले. लंडनचे रूप इतके विद्रूप झाले असताना सुंदर वस्तू पाहण्याची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे, असा त्याचा आशय होता. गॅलरीने त्यावर तोडगा काढला तो असा: खाणीतून दर महिन्याला एकच थोर चित्र आणायचे, ते एकटेच टांगायचे. पहिला मान टिशियनच्या ‘नोली मी टांगेरे’ला मिळाला. थडग्यापाशी रडत आलेल्या मेरी माग्दालेनला पुन्हा उठलेला येशू भेटतो; ती हात पुढे करते आणि तो अंग मागे घेतो. गेलेले माणूस समोर दिसते आहे, पण त्याला धरून ठेवता येत नाही. घराघरांत कुणी ना कुणी गमावलेले असताना लोक या चित्रापुढे येऊन उभे राहत होते. छापील प्रती कुठेही मिळाल्या असत्या. त्यांना हवे होते ते चारशे वर्षांपूर्वी एका माणसाच्या हाताने लावलेले खरे रंग. शिवाय चित्र एकच असल्याने त्याच्यापाशी थांबणे भाग होते. शेकडो चित्रांच्या दालनांतून आपण भरभर चालत जातो. एका चित्रासाठी आलेला माणूस ते खरोखर पाहतो.

आपल्याकडे या अनुभवाला फार जुने नाव आहे. शोकाने आणि श्रमाने पिचलेल्यांना नाट्य विश्रांती देईल, असे भरताने नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. विश्रांती म्हणजे झोप किंवा गुंगी नव्हे. अभिनवगुप्ताने रसास्वादाची चर्चा करताना हाच शब्द चेतनेच्या स्थिरावण्यासाठी वापरला, आणि त्याआधी भट्टनायकाने साधारणीकरणाचा विचार मांडला. त्या विचारानुसार रंगभूमीवरचा शोक ना नटाचा उरतो ना प्रेक्षकाचा. तो सर्वांचा होतो, म्हणूनच सोसवतो आणि आस्वादताही येतो. टिशियनच्या त्या चित्रापुढे उभ्या असलेल्या एखाद्या विधवेचे याहून वेगळे काय होत असेल? तिचे दुःख कमी झाले नाही. पण ते तिच्या एकटीचे राहिले नाही.

यावर पहिला आक्षेप असा की संस्कृतीने माणूस सुधारत नाही; ऑशविट्झच्या छळछावणीतही वाद्यवृंद होते. हे खरे आहे आणि ते विसरता कामा नये. सुरांनी क्रौर्याला आळा बसतो, असा दावा करणाऱ्याचे तोंड या एका वस्तुस्थितीने बंद होते. माझे म्हणणे तेवढे मोठे नाही. पाणी सज्जनाची तहान भागवते तशी दुर्जनाचीही. म्हणून तहान खोटी ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो आपल्या घरचा आहे. १९४३ साली लंडनकर महिन्याचे चित्र पाहत होते, तेव्हा त्याच साम्राज्यातल्या बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मरत होती. उपाशी माणसाला टिशियनचा काय उपयोग? काहीच नाही. भुकेल्याला भात हवा आणि भाताऐवजी चित्र पुढे करणे हा अपराध आहे. तरीही त्या दुष्काळात कला गप्प बसली नव्हती. चित्तप्रसाद आणि झैनुल आबेदिन यांनी कागद-शाईने हाडांचे सापळे झालेली माणसे रेखाटली. चित्तप्रसादांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक सरकारला इतके झोंबले की त्याच्या प्रती जप्त झाल्या. मुंबईत त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या ‘इप्टा’ या जननाट्य संघटनेच्या कलावंतांनी गाण्या-नाटकांतून दुष्काळग्रस्तांसाठी पैसा गोळा केला. सांत्वन देणारी कला आणि साक्ष देणारी कला एकमेकींच्या वैरिणी नाहीत. दोघींनाही आधी डोळे उघडून पाहावे लागते, आणि पळ काढू पाहणाऱ्या मनाला नेमके तेच नको असते.

लंडनमधली खरी किमया दिव्यत्वाची नव्हती, व्यवस्थेची होती: परवडणारे तिकीट, सोयीची वेळ, एक चित्र, एक तास, आणि न चुकता रोज. अशी व्यवस्था आपल्यालाही परकी नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली टेकडीवर संग्रहालय उभारले. तिथे राजा रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूरचे शिल्पही आहे. त्याच गावात अंतूबुवा आणि गजाननबुवा जोशी यांच्या परंपरेतला संगीतोत्सव अश्विनात भरतो. या दिवाळीत आपल्या आसपासचे कुणी दुःखात असेल, तर त्याला फराळाचा डबा द्याच, शिवाय एखाद्या मैफलीला किंवा संग्रहालयात सोबत घेऊन जा. तिथे त्याच्याशी फार बोलू नका. शेजारी उभे राहा.