मामा तलावाचा काठ

गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा परिसरात भाताच्या बांध्यांना पाणी देणारे लहान तलाव ‘मामा तलाव’, म्हणजेच माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखले जातात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्यांची जमीनदारी, संपली, तरी नाव टिकले. जमिनीच्या मंद उतारावर आडवी मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवलेले असल्याने पाळीलगत खोली अधिक असते, तर जंगलाकडचा काठ उथळ राहतो आणि पाणी ओसरू लागताच हळूहळू उघडा पडतो.

या उतारामुळेच वनस्पतींचे पट्टे तयार होतात: ओलसर कडेला लव्हाळा, उथळ पाण्यात देवधान हा रानटी भात, त्यापुढे तळाच्या चिखलात मुळे रोवून पृष्ठभागावर पाने पसरणारे कमळ आणि सर्वांत आत हायड्रिलासारख्या पूर्ण बुडालेल्या वनस्पती. त्यांच्या आधाराने मासे वाढतात, पाणपक्ष्यांना अन्न व आसरा मिळतो आणि काठाची माती धरून ठेवली जाते. दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरम ही झुडपी वनस्पती मात्र काठ व्यापून स्थानिक वनस्पतींची जागा घेते. म्हणून तलावाच्या दुरुस्तीत गाळ काढण्याबरोबरच बेशरम उपटणे आणि मूळ वनस्पती पुन्हा लावणेही तितकेच आवश्यक ठरते.