गुन्ह्यांचे माहितीपट आवडत असतील, तर हा सिनेमा बघाच

काल भावासोबत खऱ्या खुनावरची एक मालिका बघत होतो. आरोपीच्या आईची मुलाखत, मागे उदास पियानो. मला लगेच ‘मॅन बाइट्स डॉग’ आठवला.

१९९२ चा बेल्जियन, कृष्णधवल सिनेमा. रेमी बेलव्हो, आंद्रे बोंझेल आणि बेन्वा पोलव्होर्द या तिघांनी तुटपुंज्या पैशांत केलेला.

बेन हा खुनी, आणि त्याच्यावर माहितीपट करणारं छोटं युनिट. बेन भलता बोलघेवडा. कविता म्हणतो, इमारतींवर मतं देतो. प्रेत पाण्यात तळाशी राहावं म्हणून किती वजन बांधायचं, हे मास्तरासारखं समजावतो. आपण हसतो आणि चरकतो.

पण सिनेमाचा खरा रोख युनिटवर आहे. आधी ते नुसतं चित्रण करतात. मग पैसे संपतात, बेन लुटीतले देतो. पुढे प्रेत उचलायलाही हात लावतात. साऊंडवाला मरतो, नवा येतो, तोही मरतो. दिग्दर्शक कॅमेऱ्यासमोर जवळपास तीच श्रद्धांजली वाहतो. हा प्रसंग मला सगळ्यात जहाल वाटतो.

बेनची आई आणि आजी-आजोबा म्हणजे बेन साकारणाऱ्या पोलव्होर्दचे खरेच घरचे लोक! म्हणून ती दृश्यं इतकी सहज.

हिंसा, लैंगिक अत्याचार अंगावर येतात. मुलांसोबत अजिबात नको.

अशा धर्तीचे आणखी सिनेमे हवे असतील, तर विचारा.